तुझी मतं, माझं भाषण

जोतिबा, तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. एकट्यानं भांडण चालवणं अवघड जातं. मी माझा मुद्दा मांडतो, थांबतो, आणि जिथं तू "सुम्नं बस रं मास्तर" म्हणून मला गप्प केलं असतंस तिथं नुसता पंख्याचा आवाज येतो. पंखा कुठलीच बाजू घेत नाही.

उद्यमबागेतल्या कारखान्यात तुझ्याइतका हाताचा साफ माणूस नव्हता, नोकरी करून बेळगुंदीची शेती तू कधी पडीक ठेवली नाहीस, हे सगळं मी इथं लिहीत बसत नाही. ते खरं आहे, आणि दिवसकार्याला तिघांनी उभं राहून सांगितलंही. मला सांगायचंय ते एका चोरीबद्दल. माल तुझा होता. चोर मी.

तुझ्या घरच्यांपलीकडं फार थोड्यांना ठाऊक होतं की तू व्हिडिओ गेम खेळायचास, आणि त्याहून थोड्यांना ठाऊक होतं की त्यावर तुझी मतं होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, घरात पोत्यानं रताळी पडलेली, आणि हा मधल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून कुठल्याशा बर्फाळ डोंगरावर चढतोय. मी दर रविवारी टिळकवाडीतनं स्कूटर काढून यायचो. शाळेत आठवडाभर मराठी शिकवून माझं डोकं कामातनं गेलेलं असायचं आणि तू ते आणखी बिघडवायचास. एकदा तू मला मोटारींच्या शर्यतीच्या गेमला बसवलंस. मी अख्खी फेरी मारली आणि ओरडलो, "जोत्या, माझ्या पुढं कोणच दिसंना! मी पहिला!" तू शांतपणे म्हणालास, "मास्तर, तू उलट्या दिशेनं निघालास. सगळी तुझ्या मागं न्हाईत, समोरनं येणार हाईत." ती समोरनं आलीच.

तेव्हापासून मी खेळायचं सोडून ऐकायला लागलो. तुझं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. सिनेमांच्या दुसऱ्या भागांवर तुझा राग होता. आपल्या सीमेवरच्या शहरात एकच दुसरा भाग कन्नडमध्ये, हिंदीत आणि तेलुगूत एकाच आठवड्यात लागतो. एकदा तू तिन्ही बघून आलास. मी विचारलं, "एवढा आवडला?" तू म्हणालास, "न्हाई रं. म्हटलं एखाद्या भाषेत तरी बरा असंल. तिन्हीत वाईट हाय." तुझं म्हणणं असं की पहिल्या भागात मेलेला माणूस दुसऱ्या भागात उठून बसला, की आपण पहिल्या वेळी गाळलेलं पाणी खोटं ठरतं. "माझं रडणं परत द्या म्हणावं वाटतं बघ."

पण गेमचा दुसरा भाग तू मोठ्या आदरानं विकत घ्यायचास. मी पकडायचो, "हे बरं हाय! सिनेमाला एक न्याय आणि गेमला एक?" तेव्हा तू सांगितलेलं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. सिनेमावाल्याला बघणाऱ्याची तक्रार ऐकूच येत नाही, त्याला फक्त टाळ्या ऐकू येतात, म्हणून तो टाळ्या पडल्या तेच परत करतो. गेमवाल्याला खेळणारा शिव्या घालतो: उडी नीट बसत नाही, दार उघडत नाही, घोडा भिंतीत अडकतो. तो त्या ऐकून दुसरा भाग करतो. "आम्ही पहिलं पीक काढल्यावर दुसऱ्याला जमीन नीट करतो तसं. कथा तीच, नांगरट सुधारती." आणि मग मला विचारायचास, "तू दर वर्षी तोच धडा शिकवतोस. पोरांच्या शिव्या ऐकून सुधारतोस का कधी?"

मग ते डोळ्यांवर चढवायचं यंत्र आलं. कारखान्यातल्या एका इंजिनिअरकडून दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांसाठी तू मागून आणलंस. आभासी जग म्हणतात ते. तू स्वतः अर्धा तास लावलंस, काढलंस, आणि पहिलंच मत दिलंस: "सगळं हाय, पाय न्हाईत. खाली बघितलं तर आपण न्हाईच. ह्यात भूत दिसतंय म्हणत्यात, पण भूत आपणच हाय."

मला वाटलं, गोष्ट वाढवून सांगतोयस. मी चढवलं. त्यात मी चाळीस मजल्यांच्या इमारतीवरनं बाहेर काढलेल्या एका फळीवर उभा होतो. तू मागनं म्हणालास, "चल पुढं. तुझ्या घरची फरशीच हाय." फरशी माझ्या घरची नव्हती, तुझ्या सोप्याची होती, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि फळी संपली. मी भाताच्या पोत्याला मिठी मारली, पोतं माझ्यावर आलं, आणि मी जो आवाज काढला तो ऐकून मी जिला मावशी म्हणतो ती तुझी आई स्वयंपाकघरातनं धावत आली. "मास्तरला फिट आली रं!" आपल्याकडं फिट आलेल्याच्या नाकाला कांदा लावतात. मावशीनं बुक्कीनं फोडलेला कांदा माझ्या नाकात कोंबला. डोळ्यांसमोर चाळीस मजले आणि नाकात कांदा. एवढं खरं आभासी वास्तव त्या यंत्राच्या मालकालाही कधी दिसलं नसेल. तू मला सोडवलं नाहीस. तू जमिनीवर बसून हसत होतास, आणि मावशी तुला म्हणत होती, "हसतोस काय मुडद्या, चप्पल आण! कांद्यानं उतरंना!"

हसून झाल्यावर तू यंत्र पुसून डब्यात ठेवलंस आणि ते बोललास. म्हणालास, हे यंत्र माझ्या कामाचं नाही. मी खेळतो तेव्हा आई चहा घेऊन येती. मी तिच्याकडं बघत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं ती दिसती. स्टीलचा ग्लास, तिचा पदर, ती दोन घटका उभी राहून पडद्याकडं बघती आणि जाती. "तेवढा कोपरा ज्यानं ठेवला न्हाई, त्येनं सगळं जग दाखवलं तरी काय उपेग?"

मी ते ऐकलं आणि स्कूटरवरनं परत येताना मनात दोनदा म्हणून बघितलं. चोराची सुरुवात अशीच होते. माल हातात घेऊन वजन बघायचं.

आपल्या भागात हिवाळ्यात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, हे बाहेरच्याला सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. शेतात मांडव, बैलगाडीतनं पुस्तकांची मिरवणूक, डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका, हजार माणसांचं जेवण, आणि जेवणाआधी आणि जेवणानंतर भाषणं. गेल्या हिवाळ्यात तशाच एका गावानं मला परिसंवादाला बोलावलं. विषय होता नव्या पिढीची करमणूक. मला का बोलावलं? कारण मी मास्तर, आणि मास्तरला सगळ्यातलं कळतं असा गावाचा अजून समज आहे. मी होय म्हटलं. निपाणीत विड्या वळून आईनं मला शिकवलं; स्टेजवर जाऊन शाल घेणं मला अजून सोडवत नाही. आई असती तर तिला शाल दाखवता आली असती म्हणून घेतो, असं मी सांगतो. खरं म्हणजे मला शाल आवडते.

मी अकरा पानं लिहिली. त्यातली दुसऱ्या भागांची गोष्ट तुझी, नांगरटीची उपमा तुझी, पाय नसलेलं भूत तुझं. माझं होतं ते मधलं तूप. "संवेदनांच्या क्षितिजावर नवे सूर्य उगवत आहेत" वगैरे. तुझं नाव कुठंच घेतलं नाही. घ्यायचं ठरवलं होतं, खरंच. पण "माझा एक मित्र म्हणतो" असं एकदा म्हटलं, की पुढं प्रत्येक वाक्याला ते म्हणावं लागलं असतं. मग लोक म्हणाले असते, मित्रालाच का नाही बोलावलं?

तू समोर तिसऱ्या ओळीत होतास. मावशीला आणि तुझ्या बायकोला, सुनीतावहिनींना, घेऊन आलतास. मी तुला बघितलं आणि तरी बोललो. शेवटाकडं आलो आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. म्हणालो, "मी पडद्यासमोर बसलेला असतो तेव्हा माझी आई चहा घेऊन येते. स्टीलचा ग्लास, तिचा पदर. ती मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते." मांडवात बायकांनी डोळे पुसले. माझी आई वारून सहा वर्षं झालती. तिनं उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नव्हता, आणि मी कधी कुठला गेम पुरता खेळलो नव्हतो. म्हणजे मी मतं तर चोरलीच, चहासकट आईही उचलून नेली.

खाली उतरलो तेव्हा शाल खांद्यावर होती. मावशी पुढं आली, शालीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "मास्तर, तुमची आई पन स्टीलच्या गिलासातनंच चहा द्यायची व्हय?"

मी म्हटलं, "व्हय मावशी." आजवर मी पुष्कळ चुका केल्यात, उलट्या दिशेनं गाडीही चालवली, पण त्या दोन शब्दांइतकं उलटं कधी गेलो नाही.

परत येताना तुझ्या मोटरसायकलवर मी मागं, शाल घडी करून मांडीवर. मावशीला सुनीतावहिनींबरोबर टेम्पोत बसवून दिलं होतं. मी वाट बघत होतो की तू आता बोलशील. मग रस्त्याला लागल्यावर मान किंचित मागं करून म्हणालास, "मास्तर, आवाज चांगला लागला. पण तुझं एक मत चुकीचं हाय."

"कुठलं?"

"गेमचा दुसरा भाग तंत्रज्ञान सुधारलं म्हणून चांगला होतो म्हणालास. तसं न्हाय."

ते वाक्य मीच बदललं होतं. तुझ्या शिव्यांच्या जागी तंत्रज्ञान घातलं होतं, व्यासपीठाला शोभावं म्हणून. तू अख्ख्या चोरीतनं नेमकं तेवढंच उचललंस आणि वर माझं मत म्हणालास.

त्यानंतर वर्षभर तू मला असाच छळलास. प्रत्येक रविवारी आपलीच मतं खोडायला बसायचास. "तुझ्या मते दुसरा भाग काढू नये. का बरं? रामायण झाल्यावर लोकांनी उत्तरकांड ऐकलंच की." मी तुझी बाजू तुझ्याविरुद्ध लढवायचो, तुझेच दाखले तुला ऐकवायचो आणि हरायचो. तू गालात हसायचास. ही शिक्षा होती, का तू ती मतं मला खरंच देऊन टाकली होतीस, का भांडायला गडी मिळाला म्हणून तुझी नुसती मजा चालली होती, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

शेवटचा फोन तुझाच. "रविवारी ये. तुझ्या पाय नसलेल्या मुद्द्यावर मला उत्तर सापडलंय." मी म्हटलं, "पेपर तपासायचे हाईत रं, पुढच्या रविवारी." पेपर होते, पण बत्तीसच होते. पुढचा रविवार आला तेव्हा मी तुझ्या दारात आलो, पण उत्तर ऐकायला नाही. आता पाय नसलेल्या माणसाचं उत्तर काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि तू जिथं असशील तिथं तुला ते पडताळून बघता येतंय, ही तुझी नेहमीची आघाडी.

तुझं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्याच दिवशी संमेलनाच्या स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला. चांगला माणूस आहे, त्याला काय माहीत. म्हणाले, "सर, गेल्या वर्षीच्या तुमच्या भाषणाचा विषय लोक अजून काढतात. ते लेख म्हणून छापतोय. आठ दिवसांत टाइप करून द्या. आणि ह्या वर्षी त्याच विषयावर पुढचं भाषण तुमचंच. दुसरा भाग!"

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि ती अकरा पानं काढली. बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. हे माझ्या नावानं छापलं की तू कधी काही म्हणाला नव्हतास असं कायमचं ठरणार. आणि जो "हे माझं हाय" म्हणू शकला असता, त्यानं जिवंतपणी म्हटलं नाही आणि आता म्हणणार नाही. चोराला याहून चांगली संधी कुठली? तुला खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी विचार केला. दोन दिवस लागले, हे लिहिताना मलाच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी बेळगुंदीला गेलो. मावशी सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. सुनीतावहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, बरं झालं आलासा. आत्याबाई सकाळपासनं कुणाशीच बोलंनात." मी पानं हातात धरून बसलो आणि धडा म्हटल्यासारखं म्हणून टाकलं, "मावशी, गेल्या वर्षी मी जे बोललो ते जोतिबाचं होतं. सगळं. चहाचंसुद्धा. मी चोरलं."

मावशीनं एक खडा काढून बाजूला टाकला. "मला ठाव हाय की."

"मग बोलला न्हाईसा?"

"बोलले न्हाय? गिलासाचं इचारलं न्हवं?"

"आणि त्यो? रागावलता का?"

"ते मला काय म्हाईत. घरी आला, जेवला, शेताकडं गेला." मग हात थांबवून तिनं विचारलं, "मास्तर, त्यो एवढं बोलायचा, ते त्येनं कुटं लिवून ठेवलंय का रं?"

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. कुठंच नाही. वही नाही, फोनमध्ये नाही. तू नुसता बोलायचास. जगात तुझी मतं लिहिलेली एकच जागा होती, आणि ती माझ्या हातात, माझ्या नावानं.

"वाच," मावशी म्हणाली.

मी वाचायला लागलो. 'मी'च्या जागी 'जोतिबा' घालत. पहिल्याच पानावर नवे सूर्य उगवले.

"ह्यो कोन बोलालाय?"

"मी, मावशी."

"काढ."

मी लाल पेननं काढलं. पुढं "मनोरंजनाच्या महासागरात" आलं. "काढ." "तंत्रयुगाच्या उंबरठ्यावर." "काढ." तिला गेम कळत नव्हता, सिनेमा कळत नव्हता, पण तुझा आवाज कुठं संपतो ते बरोबर कळत होतं. तंत्रज्ञानाच्या वाक्याला ती काही म्हणायच्या आधी मीच थांबलो, ते खोडलं आणि तुझ्या शिव्या परत घातल्या. तो मुद्दा तुझा, जोतिबा. मी हरलो. वहिनी दाराला टेकून ऐकत होत्या. नांगरटीपाशी आल्यावर म्हणाल्या, "असंच म्हणायचे," आणि आत गेल्या. चहाचं आलं तेव्हा मी सपाट आवाजात वाचलं, छातीवर हात नेला नाही. मावशी पदराला गाठ मारत बसली. काढ म्हणाली नाही.

शेवटच्या पानावर एक वाक्य होतं. गेममध्ये हरलेल्या माणसाला का हरलास असं कुणी विचारत नाही. एवढंच विचारतात, परत खेळणार का?

"हे कुनाचं?"

मला सोपं होतं तुझं म्हणायला. पण एवढी पानं खोडून झाल्यावर जीभ वळली नाही. "हे माझं हाय," मी म्हटलं आणि पेन लावलं.

"थांब. हे तुला कशावरनं सुचलं?"

"त्यो बर्फाच्या डोंगरावरनं पडायचा न्हवं का, सारखा. पडायचा आणि परत चढायचा. ते बघून."

"मग ऱ्हाऊ दे. नाव त्याचंच घाल."

अकरातली साडेतीन पानं उरली. वर तुझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून माझं घालावं का, हा विचार मी बेळगुंदीपासनं टिळकवाडीच्या पहिल्या गेटपर्यंत केला. गेट पडलं होतं, मालगाडी लांब होती, म्हणून आणखी थोडा वेळ केला. नाही घातलं.

संपादकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग ह्या वर्षी बोलणार कोण?" मी म्हटलं, नवं कोणीच नाही, तेच परत, नीट. सुनीतावहिनी वाचणार आहेत. त्या तयार झाल्या, आणि रोज एकदा मोठ्यानं वाचून बघतायत.

मी मांडवात मावशीशेजारी बसणार आहे. मला दाट शंका आहे की लोक शेवटच्या पानावरच्या त्या एकाच वाक्याला टाळ्या वाजवतील, जे तू कधी म्हणालाच नव्हतास. तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसेन.